स्टीम ऑडिओ : लांबचा आवाज लांबूनच ऐकू यावा म्हणून

व्हिडिओ गेम बनवणाऱ्या व्हाल्व्ह कंपनीचे 'स्टीम ऑडिओ' हे त्रिमितीय ध्वनीचे साधन २०१७ पासून मोफत उपलब्ध आहे आणि २०२४ मध्ये त्याचा मूळ कोडही अपाचे परवान्याखाली खुला झाला. युनिटी व अनरिअल ही गेम घडवण्याची साधने आणि एफमॉड हे गेममधल्या ध्वनीचे साधन यांना ते जोडता येते. छत्रपती संभाजीनगरात मी त्याच्या आधारे दोन आभासी स्थळे उभी केली : हुरड्याच्या दिवसांतले पहाटेचे शिवार आणि देवगिरी किल्ल्यातली अंधारी, म्हणजे कातळातली काळोखी वाट. कानामागे करकरणारे दार किंवा शेजारून जाणारी पावले आता बहुतेक साधने नीट ऐकवतात, त्यामुळे त्याविषयी येथे लिहीत नाही. चार शेते पलीकडे माळ्यावर उभा राहून ज्वारीवरची पाखरे राखणाऱ्या माणसाची आरोळी आणि त्याच्या गोफणीचा फटकारा हेडफोनमध्ये ऐकू यावा आणि तरीही तो चार शेते पलीकडचाच वाटावा, ही माझी गरज होती. हे परीक्षण त्या एकाच कसोटीवर केलेले आहे.

अडचण अशी आहे की, उघड्या रानात अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. १ मीटरवरचा आवाज ५०० मीटरवर पोहोचेपर्यंत सुमारे ५४ डेसिबलने घटतो. हा नियम तंतोतंत पाळला, तर ती आरोळी जवळच्या ज्वारीच्या पानांच्या सळसळीत पूर्ण बुडून जाते. आणि ती ऐकू यावी म्हणून नुसता आवाज चढवला, तर राखणदार चार शेते ओलांडून शेजारच्या बांधावर येऊन उभा राहतो. कान अंतर ओळखतो ते केवळ आवाजाच्या मोठेपणावरून नव्हे. थेट आलेला आवाज आणि आसपास आपटून आलेला आवाज यांचे प्रमाण तो जोखतो, तसेच वरच्या पट्टीचा किती भाग वाटेत गळाला आहे हेही त्याला कळते. आयएसओ ९६१३ या आंतरराष्ट्रीय मानकातील कोष्टकाप्रमाणे २० अंश सेल्सिअस तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असताना हवा १ किलोमीटरमागे १२५ हर्ट्झचा आवाज अवघा ०.३ डेसिबल शोषते, ४,००० हर्ट्झचा जवळपास २३ आणि ८,००० हर्ट्झचा ७७ डेसिबल. गावाकडून येणाऱ्या हलगीचा कडकडाट लांबून बोथट होतो आणि ढोलाचा ठोका मात्र तसाच पोहोचतो, त्याचे मोठे कारण हेच आहे.

स्टीम ऑडिओचे खरे मोल येथे दिसते. आवाजाची अंतरानुसार होणारी घट, हवेचे शोषण आणि परावर्तने (आपटून परत येणारे आवाज) या तीन गोष्टी त्याने वेगवेगळ्या ठेवल्या आहेत. युनिटीत प्रत्येक ध्वनिस्रोताला घट भौतिक नियमाने द्यायची की आपण आखलेल्या वक्राने, म्हणजे किती अंतरावर आवाज किती उतरावा हे सांगणाऱ्या आलेखाने, हे स्वतंत्रपणे ठरवता येते; हवेचे शोषण मात्र प्रत्यक्ष अंतरावरूनच मोजू देता येते. मी गोफणीसाठी अंतर दुप्पट झाल्यावर ६ ऐवजी साधारण ३ डेसिबलने उतरणारा वक्र आखला आणि शोषणाला हात लावला नाही. आवाज ऐकू येऊ लागला, पण फटकाऱ्याची धार गेलेलीच राहिली आणि राखणदार आपल्या माळ्यावरच राहिला. ही मला लबाडी वाटत नाही, कारण लांबची अंतरे माणसाच्या कानाला मुळातच प्रत्यक्षाहून कमी भासतात. शोषणाचे गणित खालची, मधली आणि वरची अशा तीनच पट्ट्यांत होते. उघड्या रानासाठी एवढे पुरते. ज्याला याहून बारीक काम हवे असेल, त्याला मूळ ध्वनिमुद्रणावरच फिल्टर लावून घ्यावे लागेल.

हवामान मात्र या साधनाच्या कक्षेत येत नाही, आणि मराठवाड्यातला ध्वनी उभा करणाऱ्याने हे आधीच लक्षात घ्यावे. थंडीच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची तुलनेने उबदार असते, त्यामुळे ध्वनी खाली वाकतो आणि कोसभरावरची भजनाची ओळही स्पष्ट कानावर येते. वैशाखातल्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून तोच ध्वनी वर वाकतो आणि हाकेच्या अंतरावरचा माणूसही ऐकू येईनासा होतो. स्टीम ऑडिओ ध्वनीला सरळ रेषेत चालवते. म्हणून पहाटेसाठी एक वक्र आणि दुपारसाठी दुसरा, अधिक उताराचा, असे दोन वेगळे संच मी ठेवले. पहाटेच्या संचात जवळच्या आवाजांचा थरही मुद्दाम विरळ केला : वारा पडलेला, पाने स्तब्ध, मध्येच एखादी टिटवी. अशा मोकळ्या जागा ठेवल्याशिवाय कोणताही वक्र लांबचा आवाज वाचवू शकत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे.

अंधारीचे काम सर्वांत समाधानकारक झाले. देवगिरीच्या कातळातील ती वळणावळणांची काळोखी वाट ज्यांनी चालली आहे, त्यांना ठाऊक असेल की पुढे गेलेल्या सोबत्याची हाक तो उभा असतो त्या दिशेने येत नाही; ती शेवटच्या वळणाच्या तोंडातून येते. स्टीम ऑडिओत वाटेवर ठिकठिकाणी प्रोब, म्हणजे ध्वनी मोजण्याचे आभासी बिंदू, पेरून ध्वनीच्या वाटा आधीच मोजून ठेवता येतात. मग खेळताना भिंतींना वळसा घालून येणारी वाट शोधली जाते आणि हाक त्या वळणातूनच ऐकू येते. हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी हेडफोन काढून आणि पुन्हा लावून खात्री करून घेतली, इतके ते खरे होते. या सोयीशिवाय कातळ मध्ये आला की हाक एकतर दबते किंवा तुटते, आणि अंधारीची सगळी गंमत तिथेच संपते.

परावर्तने चालू क्षणी मोजणे संगणकाला जड जाते. संगणकाशिवाय स्वतंत्र चालणाऱ्या आभासी वास्तवाच्या हेडसेटसाठी ती आधी मोजून साठवावीत, अँबिसॉनिक्सचा (सर्व दिशांचा ध्वनी काही वाहिन्यांत साठवण्याच्या पद्धतीचा) दर्जा पहिलाच, म्हणजे ४ वाहिन्यांचा ठेवावा आणि पॅरामेट्रिक, म्हणजे घुमण्याचा मोजक्या आकड्यांवरून अंदाज बांधणारा हलका पर्याय वापरावा. संगणकाला जोडलेल्या हेडसेटवर तिसऱ्या दर्जाच्या १६ वाहिन्या दिल्यास लांबच्या आवाजाची दिशा अधिक नेमकी होते. माहितीपुस्तिका इंग्रजीत असली तरी नीटस आहे.

आपल्याकडे असा अनुभव शाळेत किंवा प्रदर्शनात ठेवायचा झाला, तर खोलीत पंखा किंवा कूलर असणारच. त्यांची घरघर खालच्या पट्टीत असते, आणि हवेने गाळल्यावर लांबच्या आवाजात जे उरते त्याचा मोठा भागही तिथेच असतो. त्यामुळे बंद पाठीचे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन वापरावेत आणि वक्र ठरवताना खोलीतला कूलर चालू ठेवूनच ऐकावे. राखणदाराच्या आरोळीतला ५०० ते २,००० हर्ट्झचा भाग थोडा उचलून धरला, तर कूलर चालू असतानाही ती ऐकू येते आणि तिचे अंतर बिघडत नाही.