ओपनएलडॅपमध्ये जावा ऑब्जेक्ट ठेवण्याचा वापरानंतरचा अनुभव (जावा २१ टाकायच्या आधी वाचा)

ऐन एप्रिलमध्ये, वाशीला रोज गाड्या सुटतायत अशा दिवसांत, आमच्या देवगडच्या पॅकिंग शेडमधून फोन आला, "साहेब, रेट दिसना नाय." सिझनसाठी नवीन पीसी घेतला होता, त्याच्यावर बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की आंब्याच्या पेटीचे दर रिकामे, आणि शेजारच्या जुन्या पीसीवर तेच सॉफ्टवेअर व्यवस्थित चालतंय. सर्व्हर एकच, रत्नागिरीच्या ऑफिसमधला ओपनएलडॅपचा, दर तिथल्या डिरेक्टरीतूनच येतात. सपोर्टवाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं की तुमची डिरेक्टरी करप्ट झाली, फुकटचं वापरलं की असंच होतं, आता पैसे भरून दुसरी घ्या, आणि कोटेशन पण पाठवलं. ते कोटेशन बघून मी इतका पेटलो की म्हटलं आता सगळं लिहूनच काढतो.

नवीन माणसासाठी थोडक्यात: एलडॅप म्हणजे नेटवर्कवरून नोंदी वाचा-लिहायची पद्धत, त्या नोंदींचा साठा म्हणजे डिरेक्टरी, ओपनएलडॅप हा तिचा फुकट सर्व्हर, आणि जेएनडीआय म्हणजे जावा प्रोग्रामने तिथे नावाने ऑब्जेक्ट ठेवायची आणि उचलायची सोय. आमचा वापर साधा आहे, डेटाबेस कनेक्शनची माहिती, मेसेज क्यूची (प्रोग्रामांमधल्या निरोपांच्या रांगेची) कनेक्शन फॅक्टरी, म्हणजे जोडणी करून देणारं ऑब्जेक्ट, आणि डझनाप्रमाणे पेटीचा रेटकार्ड ही ऑब्जेक्ट डिरेक्टरीत ठेवायची आणि प्रत्येक पीसीने तिथून उचलायची, म्हणजे दर बदलला की देवगड, राजापूर, मालवण असं प्रत्येक मशीनवर फाईल टाकत बसायला नको. सर्व्हर जुन्या डेस्कटॉपवर डेबियन टाकून केलाय, खर्च शून्य.

बसवताना सगळ्यांना जे पहिलं ठेचतं ते म्हणजे जावाची स्कीमा, म्हणजे एन्ट्रीत (नोंदीत) कुठले अ‍ॅट्रिब्यूट (रकाने) आणि कुठला ऑब्जेक्टक्लास (नोंदीचा प्रकार) चालेल याची नियमावली. ती आरएफसी २७१३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजामध्ये १९९९ सालीच लिहिलेली आहे, ओपनएलडॅपबरोबर फाईलही येते, पण डेबियनवर लोड होते ती फक्त कोअर, कोसाइन, एनआयएस आणि आयनेटऑर्गपर्सन. जावाची आपण घालायची, रूट होऊन लोकल सॉकेटवरून एलडॅप-अ‍ॅडने जावा.एलडिफ ही फाईल सीएन=कॉन्फिगमध्ये (सर्व्हरच्या स्वतःच्या सेटिंग्जच्या डेटाबेसात) टाकायची, की झालं, रीस्टार्टही लागत नाही. जुन्या लेखांत स्लॅपडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाईलमध्ये इन्क्लूडची ओळ टाका असं असतं, पण सर्व्हर सीएन=कॉन्फिगवर चालत असेल तर ती फाईल कोणी वाचतच नाही, तिथे कितीही ओळी टाका.

आता माझा खरा राग. लॉग! डेबियनचं पॅकेज लॉगलेव्हल 'नन' वर ठेवून येतं. नन म्हणजे सर्व्हरवरचं लॉगिन फेल झालं, स्कीमा नाही, परमिशन नाही, काहीही होऊ दे, सर्व्हरच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही. जावाच्या बाजूला लांबलचक स्टॅकट्रेस येतो, त्यातला कामाचा एक आकडा शोधायचा. ओएलसीलॉगलेव्हल 'स्टॅट्स' केलं की प्रत्येक विनंतीची ओळ आणि शेवटी एरर नंबर लॉगमध्ये दिसतो, आणि मग अर्धं काम तिथेच संपतं. १७ आला तर त्या नावाचा अ‍ॅट्रिब्यूट सर्व्हरला माहीतच नाही. २१ आणि पुढे ऑब्जेक्टक्लासचं नाव असेल तर तो क्लास माहीत नाही, म्हणजे दोन्हीकडे स्कीमाच लोड नाही. ६५ आला तर स्कीमा आहे पण एन्ट्री तिच्या नियमात बसत नाही, हे बहुतेक वेळा नावामुळे होतं, कारण जेएनडीआय आपण काही सांगितलं नाही तर जावाकंटेनर क्लास लावतं आणि त्याला सीएन (नावाचा अ‍ॅट्रिब्यूट) लागतोच, तुम्ही यूआयडीने (आयडीच्या अ‍ॅट्रिब्यूटने) बाईंड करायला, म्हणजे ऑब्जेक्ट ठेवायला गेलात की मार खाल्ला. ३२ म्हणजे वरची फांदीच नाही, आधी ओयू (फांदीची एन्ट्री) तयार करा. ५० म्हणजे लिहायची परवानगी नाही. ६८ म्हणजे त्या नावाचं आधीच आहे, तिथे बाईंड नको, रीबाईंड करा, म्हणजे जुन्याच्या जागी नवीन ठेवा. एवढी सगळी माहिती सर्व्हरकडे असते आणि ती डीफॉल्टला बंद, याचं मला अजूनही पटत नाही. जागा वाचते म्हणतात, अहो पण आमच्यासारख्या ऑफिसात अशा किती विनंत्या येणार! यासाठी मी एक स्टार कापणार म्हणजे कापणारच.

पण एका गोष्टीसाठी तो स्टार परत द्यावासा वाटतो. गेल्या पावसाळ्यात मृग लागल्यापासून लाईटचं काय चाललं होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको, आणि आमचा युपीएस म्हातारा. सर्व्हर कितीतरी वेळा धाडकन बंद पडला. पूर्वीच्या बर्कली डीबीवाल्या बॅकएंडला (डेटा साठवणाऱ्या भागाला) असं झालं की रिकव्हरी चालवायला लागायची. आता एमडीबी बॅकएंड आहे, खाली एलएमडीबी, तो चालू पानावर लिहीतच नाही, नवीन पानावर लिहितो आणि शेवटी मुळाचा पत्ता नव्या पानाकडे वळवतो, त्यामुळे मध्येच लाईट गेली तरी जुनी प्रत शाबूत. लाईट आली, सर्व्हर उठला, ऑब्जेक्ट जागेवर, दर वेळी. एवढंच की कॉन्फिग हाताने लिहिलंत तर मॅक्ससाईझ सांगा, डीफॉल्ट १० एमबीच आहे, भरलं की लिहिणं थांबतं. डेबियनचं पॅकेज स्वतः १ जीबी लावतं.

तर नव्या पीसीचं काय? लॉग स्टॅट्सवर असल्यामुळे पाच मिनिटांत दिसलं की सर्व्हर दोन्ही पीसींना तीच एन्ट्री देतोय, एरर शून्य. म्हणजे डिरेक्टरी करप्ट वगैरे काही नाही. गडबड पीसीवर. जुन्यावर जावा १७, नव्यावर २१, आणि एक्सेप्शन होतं ऑब्जेक्ट डीसिरियलायझेशन इज नॉट अलाऊड. जावा २० पासून ट्रस्टसिरियलडेटा ही प्रॉपर्टी डीफॉल्टला फॉल्स केली आहे, एलडॅपमधून आलेला जावासिरियलाईज्डडेटा, म्हणजे बाइट्समध्ये बांधून (सिरियलाईज्ड) ठेवलेलं ऑब्जेक्ट, जावा उघडतच नाही. डिसेंबर २०२१ चं लॉगफोरजे (जावाची लॉग लिहायची लायब्ररी) प्रकरण आठवा, परक्या एलडॅप सर्व्हरकडून आलेलं ऑब्जेक्ट उघडलं की मशीन हातातून गेलं. परक्या पत्त्यावरून क्लास (कोड) आणणं २०१८ मध्ये जावा ८ च्या ८यू१९१ या अपडेटपासून बंदच होतं, आता हे दुसरं दारही लावलं.

ट्रस्टसिरियलडेटा ट्रू केलं की चालतं, सिझन अडू नये म्हणून त्या रात्री मी तेच केलं. पण ते कायमचं ठेवायचं नव्हतं, म्हणून कनेक्शनची ऑब्जेक्ट रेफरन्स करून ठेवली, म्हणजे ऑब्जेक्टऐवजी ते बनवायची माहिती आणि बनवणाऱ्या क्लासचं (फॅक्टरीचं) नाव. आणि इथे माझं मत बदललं. आधी मला सिरियलाईज्डच बरं वाटायचं, एका बाईंडमध्ये काम, पण एलडॅपसर्चने बघाल तर बेस-६४ चा ढीग दिसतो, आत काय आहे ते कळत नाही, आणि क्लासमध्ये बदल करून सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासच्या आवृत्तीचा नंबर) वेगळा झाला की जुनं ऑब्जेक्ट वाचताच येत नाही. रेफरन्समध्ये जावाफॅक्टरी आणि जावारेफरन्सअ‍ॅड्रेस असे साधे अ‍ॅट्रिब्यूट, डोळ्यांनी वाचता येतात, यूआरएल बदलायचा तर थेट डिरेक्टरीत बदला.

मात्र जावा २१ वर रेफरन्सलाही एक गाळणी आहे, तिच्यात मी अख्खी दुपार अडकलो. एलडॅपसाठी फॅक्टरीजफिल्टर नावाची प्रॉपर्टी आहे, ती डीफॉल्टला जावाच्या स्वतःच्या फॅक्टरीच चालू देते, आपली किंवा क्यूवाल्यांची नाही. वाईट म्हणजे यावेळी लुकअप (ऑब्जेक्ट उचलणारा कॉल) ओरडत नाही, हातात नुसता रेफरन्स ठेवतो आणि आपल्या कोडमध्ये क्लासकास्ट एक्सेप्शन उडतो, मग माणूस कोडमध्येच शोधत बसतो. स्टार्टअपच्या ओळीत जेडीके.जेएनडीआय.एलडॅप.ऑब्जेक्ट.फॅक्टरीजफिल्टर लिहून त्यात आपल्या फॅक्टरी क्लासचं पूर्ण नाव, अर्धविराम, उद्गारचिन्ह आणि स्टार, एवढं द्या, म्हणजे तो क्लास चालेल आणि बाकी सगळे बंद. कमांडलाईनवर देताना अवतरणात टाका, नाहीतर शेल अर्धविरामाला तोडतं.

रेटकार्ड तेवढा अजून सिरियलाईज्ड आहे, कारण त्याला फॅक्टरी नाही, तो नुसता डेटा आहे. तो पाऊस सुरू झाला की साध्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये काढणार, तोपर्यंत ट्रस्टसिरियलडेटा फक्त बिलिंगच्या पीसींवर ट्रू आहे आणि डिरेक्टरीत लिहायची परवानगी एकाच अकाउंटला. कोणी हे करायला घेणार असेल तर कॉन्फिगला हात लावायच्या आधी स्लॅपकॅट या कमांडने शून्य नंबरच्या डेटाबेसचा बॅकअप काढून ठेवा, डेटाचा बॅकअप सगळे घेतात, स्कीमा आणि परवानग्या त्या शून्य नंबरमध्ये असतात. आणि लॉगलेव्हल स्टॅट्स, पहिल्याच दिवशी.