‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ४१२ स्पायवेअर सापडले आहेत!’

आमच्या मामांचा डेस्कटॉप जुना, पण धडधाकट. वापर काय, तर मेल, बँकेचं स्टेटमेंट आणि भजनांच्या पीडीएफ. अशाच एका पीडीएफच्या साइटवर ‘तुम्ही रोबो नसाल तर अलाऊ दाबा’ असं आलं, त्यांनी दाबलं. मेख तिथेच होती. त्या अलाऊने साइटला नोटिफिकेशन पाठवायची मुभा मिळाली आणि उजव्या कोपऱ्यात वरचेवर लाल खिडकी उगवायला लागली: इतके स्पायवेअर (म्हणजे चोरून हेरगिरी करणारे प्रोग्रॅम) सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा. व्हायरस वगैरे काही नव्हता, ती निव्वळ जाहिरात होती.

मामांनी फोन लावला. पलीकडे गोड आवाज, “अंकल, घबराइए मत.” आधी एनीडेस्क टाकायला लावलं, म्हणजे आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला दुरून चालवू देणारं सॉफ्टवेअर. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडून लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवली, हे सगळं म्हणे हॅकरचं काम! अहो, ती विंडोजची रोजनिशी. एखादी सर्व्हिस सुरू व्हायला उशीर झाला तरी तिथे नोंद पडते, अगदी कोऱ्या मशीनवरही. आत्ता आपल्याकडे उघडून बघा, ढिगाने सापडतील.

तीन वर्षांचं अँटी-स्पायवेअर, ५,९९९ रुपये. कार्ड नंबर, ओटीपी, पैसे गेले. बँकेने हात वर केले, कारण ओटीपी मामांनी स्वतःच दिला होता.

तेच सॉफ्टवेअर मी नुकत्याच फॉरमॅट केलेल्या लॅपटॉपवर टाकलं, वर्तमानपत्रांच्या दोन-चार साइट उघडल्या आणि स्कॅन लावला. शेकडो ‘धोके’! यादी उघडली तर झाडून सगळ्या जाहिरातवाल्यांच्या कुकीज, म्हणजे साइट ब्राउझरमध्ये ठेवून जातात त्या छोट्या नोंदी. त्या ब्राउझरच्या सेटिंगमधून फुकटात पुसता येतात.

धंदा जुनाच आहे. विनफिक्सर, एक्सपी अँटिव्हायरस अशा नावांनी खोटे स्कॅन दाखवणाऱ्यांना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००८ मध्ये कोर्टात खेचलं, तेव्हा फसलेले दहा लाखांहून जास्त होते.

मग विकत घ्यावं की नाही? विंडोज १० किंवा ११ असेल तर डिफेंडर आतच असतो, चालूही असतो. तो मुळात अँटी-स्पायवेअरच होता. विंडोज ८ पासून पूर्ण अँटिव्हायरस झाला. अपडेट वेळच्या वेळी होत असतील तर घरगुती वापराला माझ्या मते तेवढा पुरे. मुलांवर लक्ष ठेवायची सोय वगैरे हवी असेल तर जरूर घ्या, पण कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन. घाबरवून विकायला आलेल्याकडून एक रुपयाचंही नको.

मामांचं कार्ड ब्लॉक केलं, इंटरनेट तोडून एनीडेस्क आणि ते सॉफ्टवेअर काढलं, पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले, ब्राउझरमधली ती परवानगी रद्द केली आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही तक्रार जितकी लवकर तितकी बरी. पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता आले तर आले.

काही महिन्यांनी परत फोन. “आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचेत, फक्त एनीडेस्क चालू करा.” या वेळी फोन मामींनी उचलला होता.