शेअर ब्रोकरकडून स्वतःच्या नावावर : अमेरिकेतील थेट नोंदणी सेवेचा अनुभव

अमेरिकेत ब्रोकरमार्फत घेतलेले शेअर आपल्या नावावर नसतात, ही गोष्ट न्यू जर्सीत अनेक वर्षे गुंतवणूक केल्यानंतर मला कळली. कंपनीच्या भागधारक नोंदवहीत नाव असते ते ‘सीड अँड कंपनी’चे, म्हणजे सगळ्या ब्रोकरांचे शेअर एकत्र सांभाळणाऱ्या डिपॉझिटरी ट्रस्ट कंपनीच्या नामधारी संस्थेचे, आपला हक्क ब्रोकरच्या वहीतल्या नोंदीपुरता. आपल्याकडे डीमॅट खाते एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींकडे आपल्याच नावाने असते आणि शेअर उसने द्यायचे तर एसएलबी या शेअर उसने देण्या-घेण्याच्या व्यवस्थेत स्वतःहून द्यावे लागतात, त्यामुळे हा फरक पचायला मला वेळ लागला. शेअर कंपनीच्या नोंदवहीत थेट आपल्या नावावर करून घेण्याची सोय म्हणजे थेट नोंदणी.

माझे डोळे उघडले ते कराच्या कागदांमुळे. माझे खाते मार्जिनचे, म्हणजे ब्रोकरकडून कर्ज घेऊन शेअर घेता येणारे होते, आणि त्यावर थोडे कर्जही होते. अशा खात्यात थकीत कर्जाच्या 140 टक्के मूल्यापर्यंतचे शेअर तारण ठेवण्याची किंवा उसने देण्याची मुभा ब्रोकरला नियमानेच असते, आणि ते शॉर्ट सेलिंग करणाऱ्यांपर्यंत, म्हणजे भाव पडेल या अंदाजाने उसने शेअर विकणाऱ्यांपर्यंत पोहोचतात. त्या वर्षी लाभांशाच्या जागी ‘लाभांशाऐवजी दिलेली रक्कम’ जमा झाली, जिच्यावर लाभांशाचा सवलतीचा कर लागू होत नाही. उसन्या गेलेल्या शेअरवरचा मतदानाचा हक्कही जातो. खाते उघडताना करारातल्या शेअर उसने देण्याच्या कलमाकडे ब्रोकरने माझे लक्ष वेधायला हवे होते, असे मला आजही वाटते.

मी आधी कर्ज फेडून खाते रोखीचे करून घेतले. पूर्ण पैसे भरलेले शेअर लेखी संमतीशिवाय उसने देता येत नाहीत, म्हणून अनेकांना एवढेच पुरेसे ठरेल. फक्त ‘शेअर उसने देऊन उत्पन्न मिळवा’ या योजनेला आपण नकळत होकार दिलेला नाही ना, हे तपासावे. 2021 मध्ये गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीचा शेअर शॉर्ट सेलिंगवरून गाजला, त्या वेळी खूप चढ्या भावाची विक्रीची ऑर्डर लावून ठेवली की शेअर उसने जात नाहीत, असा समज पसरला होता. तो चुकीचा आहे.

मला ब्रोकरच्या शब्दावर विसंबायचे नव्हते, म्हणून थेट नोंदणी केली. ब्रोकरला अर्ज दिला, त्याने शुल्क घेतले, आणि काही दिवसांनी कंपनीच्या ट्रान्सफर एजंटकडून, म्हणजे तिची भागधारक नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेकडून, माझ्या नावाचे विवरणपत्र टपालाने आले. आता हे शेअर ब्रोकरच्या ताब्यातच नाहीत, त्यामुळे तो ते उसने देऊ शकत नाही. गेमस्टॉपच्या भागधारकांनी कॉम्प्युटरशेअर या एजंटकडे सुमारे साडेसात कोटी शेअर असेच नोंदवले, आणि कंपनी हा आकडा आपल्या अहवालांत देत आली. तरीही त्याने शॉर्ट सेलिंग थांबले असे मानू नये. इतरांचे शेअर उसने मिळत राहतातच. आपल्यापुरती हमी मिळते, आणि माझ्या दृष्टीने तीच मोलाची आहे.

गैरसोयी खऱ्या आहेत. भाव हेरून क्षणात विकण्याची सोय ब्रोकरसारखी नसते, विक्रीला वेगळे शुल्क पडते, बराच व्यवहार टपालाने चालतो. मालकी बदलताना बहुधा ‘मेडॅलियन’ हमीचा, म्हणजे सही खरी असल्याची बँकेसारख्या संस्थेने दिलेल्या हमीचा शिक्का लागतो, जो भारतातून मिळवणे फार कठीण असते. भारतात परत जाण्याचा विचार असलेल्यांनी, विशेषतः वारसांसाठी, हे आधीच पाहावे.

वर्षानुवर्षे ठेवायच्या शेअरसाठी मी या सेवेला पाचपैकी चार गुण देतो, रोज खरेदी-विक्री करणाऱ्याला मात्र ती सुचवणार नाही. निवृत्तीच्या आयआरए खात्यातले शेअर मी हलवले नाहीत, कारण ते बाहेर काढणे करदृष्ट्या गुंतागुंतीचे आहे. त्यांच्यासाठी उसनवारीच्या योजनेत माझे नाव नाही, असे ब्रोकरकडून लेखी घेतले आहे.