मुहूर्त दसऱ्याचा, पैसे फेसलिफ्टचे आणि चेहऱ्यात धागे

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी मी अंधेरी पश्चिमेच्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये १ लाख ८५ हजारांचा व्यवहार करून बाहेर पडले. फेसलिफ्टची, म्हणजे लोंबलेला चेहरा वर उचलून बसवायची सर्जरी ठरली, अशीच माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझ्या गालात कातडी ओढून धरणारे धागे घातले गेले, तेही ज्यांनी घालायला नको होते त्यांच्याकडून. होळीपर्यंत चेहरा होता तसा झाला आणि हप्ते मात्र चालू राहिले. माझ्या वयाच्या बायका आणि हल्ली पुरुषही अशा ठिकाणी जाताना मला दिसतात, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

माझं वय तेव्हा ५४. राहायला मुलुंड पूर्वेला, नोकरी फोर्टला. त्याच्या दीड वर्ष आधी मधुमेह निघाला होता. मी मनावर घेतलं, भात सोडला, चालायला लागले आणि वर्षभरात ७४ किलोंवरून ६१ वर आले. तब्येत सुधारली, पण चेहरा उतरला. जबड्याच्या दोन्ही बाजूंना कातडी लोंबायला लागली, हनुवटीखाली दोन पट्टे दिसायला लागले. लोकलच्या लेडीज डब्यातल्या मैत्रिणी रोज विचारायच्या, "बरं नाही का गं? किती ओढलीस." पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मी स्वतःसाठी काही केलं होतं आणि सगळ्यांना मी आजारी वाटत होते. हे फार लागायचं. चेहऱ्यासाठी काही करावंसं वाटणं यात मला आजही गैर वाटत नाही. गैर माझ्याशी वागले ते लोक.

मोबाइलवर एकदा 'फेसलिफ्ट खर्च मुंबई' असं शोधलं. दुसऱ्या दिवसापासून जाहिराती सुरू झाल्या. त्यातल्या एकीत नंबर टाकला आणि दहा मिनिटांत फोन आला.

क्लिनिकमध्ये मला भेटली ती पंचविशीतली एक मुलगी. पांढरा कोट, हातात टॅब. ती 'काउन्सेलर' आहे, डॉक्टर नाही, हे मला फार उशिरा कळलं. तिने मला गोल दिव्याच्या आरशासमोर बसवलं आणि दोन बोटांनी माझे गाल कानाकडे हळूच वर ओढले. आरशात दहा वर्षांपूर्वीची मी दिसले. मग तिने बोटं काढून घेतली. गाल खाली आले, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "मॅम, ५५ च्या आत केलं तर रिझल्ट दहा वर्षं टिकतो. ५५ नंतर स्नायू मरतात, मग सर्जरीचाही उपयोग नसतो. तुमच्याकडे फार वेळ नाही."

हे वाक्य साफ खोटं होतं. पण ते अगदी डॉक्टरी थाटात सांगितलं गेलं आणि मी ५४ ची होते. पॅकेज २ लाख ८० हजारांचं होतं, दसऱ्यापर्यंत १ लाख ८५ हजार. "साडेतीन मुहूर्तांतला एक आहे मॅम, चांगल्या कामाला विचार कसला करायचा?" मी घरी विचारून सांगते म्हटलं, तर तिने आतून कुणाला तरी फोन लावला आणि 'सरांचा' एकच स्लॉट शिल्लक असल्याचं सांगितलं. २५ हजार कार्डावर घेतले. उरलेल्या १ लाख ६० हजारांचे १६ हजारांचे दहा हप्ते, तिथल्या तिथे माझं आधार आणि पॅन मागून एका फायनान्स कंपनीकडून मंजूर. मला वाटलं मी क्लिनिकला हप्ते देणार. ते कर्ज होतं. क्लिनिकला सगळी रक्कम एकदम मिळून गेली आणि माझ्या गळ्यात कंपनीचं देणं पडलं. पुढे काम फसलं तेव्हा हप्ते थांबवायची सोयच उरली नव्हती, थांबवले असते तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब झालं असतं.

त्या दीड तासात मला कुणीही विचारलं नाही की साखर किती असते, रक्तदाब आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी रोज रक्त पातळ राहण्याची गोळी घेते. त्यांच्या फॉर्मवर पगाराचा रकाना होता, औषधांचा नव्हता.

ठरल्या दिवशी मी उपाशीपोटी गेले, कारण ऑपरेशन म्हणजे भूल असणार असं मला वाटलं. तिथे ऑपरेशन थिएटर नव्हतं, भूलतज्ज्ञ नव्हते. पार्लरसारखी मागे होणारी खुर्ची होती. टॅबवर इंग्रजीत काहीतरी पानंच्या पानं आली, "इथे सही, इथे सही" म्हणत बोट फिरवून घेतलं. 'सर' मास्क लावूनच आले. कानशिलाजवळ सुन्न करायची इंजेक्शनं दिली आणि एक लांब सुई गालातून जबड्याकडे सरकवली. दुखलं नाही, पण कानाच्या अगदी जवळ करकर असा आवाज येत राहिला, गोणपाट फाटताना येतो तसा. तो आवाज मला अजून रात्री आठवतो. पाऊण तासात सगळं झालं. "ही लेटेस्ट फेसलिफ्ट आहे, विदाउट कट," असं सांगून मला रिक्षात बसवलं.

पहिला आठवडा तोंड उघडून घास घेता येत नव्हता. सूज उतरल्यावर उजव्या गालावर एक खळगा राहिला, आतून कुणी दोरा ओढून धरावा तसा. फोन केला की "सेटल होईल मॅम." नोव्हेंबरच्या शेवटी सकाळी केस विंचरताना कंगव्याला डाव्या कानशिलापाशी काहीतरी अडकलं. हात लावला तर माशाच्या काट्यासारखं टोक टोचलं. निळसर धाग्याचा तुकडा कातडीबाहेर आला होता आणि भोवती लाल होऊन पू धरला होता. क्लिनिकने चार दिवसांनंतरची अपॉइंटमेंट दिली. मुलगी म्हणाली, "आई, आता त्या दारात पाऊलसुद्धा टाकायचं नाही," आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून मला परळला महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली.

केसपेपर काढला, प्लास्टिक सर्जरीच्या ओपीडीबाहेर अडीच तास बाकावर बसलो. भाजलेली माणसं, फाटलेल्या ओठांची लहान बाळं, हात चिरडलेला एक कामगार. मला तिथे बसायची लाज वाटत होती. आतल्या डॉक्टर मॅडमनी मात्र एका शब्दानेही लाज वाटू दिली नाही. धाग्याचं टोक काढलं, जखम साफ केली, अँटिबायोटिक दिलं. बिल मागितलं आणि वाचून म्हणाल्या, "ताई, यात फेसलिफ्ट हा शब्द कुठे आहे?"

खरंच नव्हता. 'फेस रिजुव्हेनेशन पॅकेज, थ्रेड्स' एवढंच होतं. दोन महिने ते बिल माझ्या कपाटात होतं आणि मी ते एकदाही वाचलं नव्हतं.

पुढच्या भेटीत मॅडमनी कागदावर चेहऱ्याचं चित्र काढून दाखवलं. कातडीखाली चरबी, तिच्याखाली एक पातळ, चिवट थर, त्याला स्मास म्हणतात. १९७६ साली दोन फ्रेंच सर्जननी तो नीट वर्णन करून मांडला. तेव्हापासून चांगल्या फेसलिफ्टमध्ये नुसती कातडी ओढत नाहीत, हा थर उचलून वर बसवतात आणि उरलेली कातडी ताण न देता कापून शिवतात. त्याच्याखालूनच चेहरा हलवणाऱ्या नसा जातात, म्हणून हे काम शिकलेल्या हातांचं. तीन-चार तास लागतात, भूल लागते, कानापुढे आणि कानामागे टाके येतात. खुर्चीत पाऊण तासात होतं ते फेसलिफ्ट नव्हे. माझ्या गालातले धागे पीडीओचे होते, साधारण सहा महिन्यांत विरघळणारे. एखाद्याला थोडाच उतार असेल तर त्यांचा तात्पुरता उपयोग होतो असंही त्या म्हणाल्या, पण एवढी सैल कातडी ते पेलू शकत नाहीत.

मी विचारलं, "मग माझी वेळ गेली का?" हा प्रश्न विचारताना मला रडू आलं. दोन महिने ते ५५ चं वाक्य माझ्या डोक्यात घुमत होतं.

मॅडम म्हणाल्या, वयाची अशी रेघच नसते. चाळिशीच्या शेवटी करणारे असतात, पासष्टीनंतर करणारेही असतात. थांबल्याने काही मरत नाही. वेळ आली की नाही हे त्या ज्या गोष्टींवरून बघतात, त्यांतली एकही त्या क्लिनिकने बघितली नव्हती.

पहिला प्रश्न वजनाचा. माझा काटा तेव्हाही खाली चालला होता. वजन निदान सहा महिने एका जागी टिकल्याशिवाय करू नये, कारण आणखी पाच किलो गेले की कातडी पुन्हा सैल पडते. दुसरा साखरेचा. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी चाचणी करायला लावली, ती ८.४ निघाली. अशा साखरेत जखम भरायला वेळ लागतो, पू होण्याचा धोका वाढतो. मग रक्तदाब आणि ती रक्त पातळ करणारी गोळी. या ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त होणारी भानगड म्हणजे कातडीखाली रक्त साठणं, ते बहुतेक पहिल्या दिवसातच होतं आणि कधीकधी पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागतं. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांनीच ठरवायचं. नंतर त्यांनी विचारलं, "सिगरेट नाही म्हणता, पण मिशरी, तंबाखू?" मला नवल वाटलं. त्या म्हणाल्या, बायका मिशरीला व्यसन धरत नाहीत म्हणून मुद्दाम विचारावं लागतं. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि कानामागची कातडी काळी पडून मरू शकते. आधी आणि नंतर निदान चार-चार आठवडे पूर्ण बंद. मी लावत नाही, पण माझ्या सासूबाई आणि दोन नणंदा लावतात, म्हणून हे इथे लिहिते.

मला खरी खटकणारी गोष्ट कुठली, हेही त्यांनी विचारलं. फेसलिफ्टने जबडा आणि गळा सुधारतो. डोळ्यांखालचा काळेपणा, वांग, कपाळावरच्या आठ्या त्याने जात नाहीत. आणि घरात लग्न किंवा मुंज असेल तर ती तारीख धरून ऑपरेशन करायचं नाही. दोन-तीन आठवडे चेहरा काळानिळा आणि सुजलेला राहतो, कानाजवळचा बधिरपणा महिनोन्महिने रेंगाळतो. मधे निदान तीन महिने हवेत. माझ्या बाबतीत तर धागे पूर्ण विरघळून आतला भाग मऊ होईपर्यंत थांबणं भागच होतं. म्हणजे दसऱ्याला घाई केली नसती तर जितकं थांबावं लागलं असतं, त्याहून जास्त थांबणं पदरात पडलं.

आता कागदांचं. क्लिनिकच्या पावतीवर किंवा चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. तो चिठ्ठीवर आणि पावतीवर असावाच लागतो. मी लेखी मागितला, तीन आठवड्यांनी मिळाला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तो सापडला नाही, कारण 'सर' दंतवैद्य निघाले. भिंतीवर ज्या प्लास्टिक सर्जनचा फोटो होता, त्यांना मी कधी पाहिलंच नाही. तुम्ही जाणार असाल तर आधी नाव विचारा, कौन्सिलच्या वेबसाइटवर नोंदणी बघा आणि पदवीत प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी आहे का ते बघा. 'कॉस्मेटॉलॉजी'चं प्रमाणपत्र म्हणजे सर्जन नव्हे. ऑपरेशन कुठे होणार, भूल कोण देणार, हेही आधीच विचारा. आपली वैद्यकीय कागदपत्रं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यायची असतात, तेव्हा मागायला संकोच करू नका.

पैशांसाठी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. क्लिनिकने ४० हजार परत देतो, पण 'तक्रार नाही' असं लिहून द्या म्हटलं. आमचे हे म्हणाले, "घे आणि सोड." मी नाही घेतले. वांद्र्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षांची असते. दंतवैद्यांच्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज दिला आहे. शेवटचा हप्ता ऑगस्टमध्ये गेला, १ लाख ६० हजार पूर्ण फिटले.

माझं वजन गेले पाच महिने ६० वर टिकून आहे, साखरेची सरासरी ६.९ वर आली आहे. मॅडमकडे पुढच्या महिन्यात जायचं आहे. ऑपरेशन करेन की नाही हे माझं अजून ठरलेलं नाही आणि त्यांनीही एकदाही विचारलेलं नाही. आयोगात पहिली तारीख लागली आहे. कंगव्याला अडकलेला तो धाग्याचा तुकडा मॅडमनी छोट्या बाटलीत घालून, त्यावर तारीख लिहून मला दिला होता. तो बिलासोबत फाइलमध्ये ठेवला आहे.