शहर वरून बघायचं, पण किती वरून?

मोठ्या शहरात पाऊल टाकलं की बहुतेकजण तिथल्या सर्वात उंच इमारतीचं तिकीट आधी काढतात. हा हिशेब दोन कारणांनी फसतो. ज्या मनोऱ्यावरून ते शहर ओळखलं जातं, त्याच्यावरच तुम्ही उभे असलात तर समोरच्या देखाव्यात तो नसतो. आणि साडेतीनशे-चारशे मीटरच्या वर गेलात की रस्त्यावरची वर्दळ नाहीशी होऊन खाली नुसता नकाशा उरतो.

उंचीचा फायदाही वाटतो तितका नसतो. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते कळतं. २०० मीटरवरून सुमारे ५० किलोमीटर, ४५० मीटरवरून ७६. उंची सव्वादोनपट झाली, क्षितिज मात्र दीडपटच सरकलं. त्यातून शहरावर धुरकट हवा असली की तेवढं लांबचं तसंही दिसत नाही.

पॅरिसमध्ये म्हणूनच पहिला नंबर आर्क द ट्रिओम्फ या विजयकमानीचा. उंची जेमतेम ५० मीटर, वर जायला २८४ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना, आणि माथ्यावर उघडी गच्ची. चाकाच्या आऱ्यांसारखे बारा रस्ते पायाशी येऊन मिळतात आणि दक्षिणेला आयफेल टॉवर मोकळा दिसतो. अंधार पडल्यावर तो दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लुकलुकतो, तेव्हा ठोक्याच्या दहा मिनिटं आधी दक्षिणेचा कठडा धरून ठेवा. एक चूक मात्र करू नका: कमानीभोवतीचा चौक पायी ओलांडायला जाऊ नका, तिथे बाराही बाजूंनी गाड्या घुसतात. शाँझेलिझेच्या फुटपाथवरून भुयारी वाट आहे, ती थेट कमानीपाशी निघते.

आयफेल टॉवरवर चढायचंच असेल तर ११६ मीटरवरचा दुसरा मजला पुरे. तिथून सीन नदीवरचे पूल मोजता येतात, घरांची छपरं ओळखू येतात. २७६ मीटरवरच्या टोकासाठी दुसऱ्या मजल्यावर उतरून दुसऱ्या लिफ्टच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागतं, आणि वारा वाढला की टोक बंद करतात. पाय धड असतील तर टॉवरच्या दक्षिणेकडच्या खांबातला ६७४ पायऱ्यांचा जिना घ्या. तिथली रांग सहसा लिफ्टपेक्षा लहान असते. काचेची बाटली सोबत नेऊ नका, तपासणीतच अडते.

न्यूयॉर्कमध्येही तेच. १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीचा ८६व्या मजल्यावरचा उघडा डेक, म्हणजे शहर बघायची जागा, उत्तम आहे, पण तिथून एम्पायर स्टेट दिसत नाही. रॉकफेलर सेंटरच्या ७०व्या मजल्यावरून तो दिसतो, तोही बरोबर दक्षिणेला. उत्तरेला वळलं की सेंट्रल पार्कचा लांबलचक हिरवा पट्टा. शिवाय या सर्वात वरच्या गच्चीवर मध्ये काच येत नाही. एकच डेक परवडणार असेल तर हाच निवडा. दुबईत ८२८ मीटरच्या बुर्ज खलिफाचा १२४वा मजला ४५२ मीटरवर आहे. इतक्या वरून भोवतालच्या उंच इमारतीही काडेपेट्यांएवढ्या होतात. १४८व्या मजल्याचे जादा पैसे आम्ही तरी देणार नाही.

आता वेळ. सूर्यास्ताआधी तासभर वर पोचायचं आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबायचं. सूर्य कलत असताना पूर्वेच्या बाजूला उभे राहा, कारण तिकडच्या इमारतींवर सोनेरी ऊन पडतं. पश्चिमेला त्या वेळी नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दिवे लागले आणि आकाश अजून निळं असलं की मग पश्चिमेला या. ही कातरवेळ वीस-पंचवीस मिनिटंच टिकते. तिकिटावरची वेळ ही रांगेत शिरायची असते, वर पोचायची नव्हे. तपासणी आणि लिफ्ट मिळून पाऊण तास सहज जातो, हे लोक विसरतात आणि लिफ्टच्या रांगेतच सूर्य बुडतो. सूर्यास्ताच्या तिकिटांना काही ठिकाणी जादा दर असतो. त्याआधीची वेळ घेऊन वरच थांबता येतं का, ही अट तिकीट काढतानाच वाचा.

काचबंद डेकवर फोटो बिघडतात ते आतल्या दिव्यांच्या आणि आपल्याच पांढऱ्या शर्टाच्या प्रतिबिंबाने. गडद कपडे घाला, फ्लॅश बंद करा, फोनची लेन्स काचेला अगदी चिकटवून धरा. कॅमेरा असेल तर लेन्सभोवती रबरी हुड किंवा काळं जाकीट गुंडाळा. पोलरायझर फिल्टर (चकाकी कमी करणारी, लेन्सवर लावायची काच) आधीच काढून ठेवा, नाहीतर कडक केलेल्या काचेतले ताण इंद्रधनुषी डागांसारखे फोटोत उमटतात. ट्रायपॉड बऱ्याच ठिकाणी नेऊच देत नाहीत, तेव्हा कोपर कठड्यावर टेकवा.

फुकटातही काम होतं. टोकियोत शिंजुकूच्या महानगर सरकारच्या इमारतीत ४५व्या मजल्यावर, २०२ मीटरवर, तिकीट नाही. फक्त बॅग तपासतात. हिवाळ्यातल्या स्वच्छ सकाळी पश्चिमेला फुजी पर्वत दिसतो. लंडनच्या स्काय गार्डनला, म्हणजे उंच इमारतीच्या माथ्यावरच्या बागेलाही, पैसे पडत नाहीत, पण जागा आधीच ऑनलाइन राखून ठेवावी लागते. नदीपलीकडचा शार्ड हा उंच मनोरा इथून समोर दिसतो, जो खुद्द शार्डवरून दिसायचा नाही.

हवेचं काय? जोराची सर येऊन गेल्यावर धूळ खाली बसते, तेव्हाचे दोन-तीन तास सर्वात चांगले. थंडीत पहाटेची धुरकट हवा उन्हाने विरायला दहा-अकरा वाजतात. हवेपायी वाया गेलेल्या तिकिटाचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. म्हणून गर्दीचा हंगाम नसेल तर आदल्या दिवशीचा अंदाज बघून मगच पैसे भरा. खिडकीवर तिकीट काढणार असाल तर आधी रस्त्यावरून मान वर करा. मनोऱ्याचं टोक ढगात असेल तर तो दिवस एखाद्या संग्रहालयाला द्या.