सीएलएलमध्ये किडनी नाजूक असेल तर: कायमची गोळी की वर्षभराचं व्हेनेटोक्लॅक्स?

सीएलएल हा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा, बहुधा हळू वाढणारा रक्ताचा कर्करोग. रिपोर्टवर क्रिएटिनिन 1.2 दिसलं की घरचे निर्धास्त होतात. पण 70 वर्षांच्या, 55 किलोच्या बाईचा क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती वेगाने साफ करते तो आकडा, मांडून बघा. 140 मधून वय वजा करून वजनाने गुणायचं, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागायचं, बाई असल्यास 0.85 ने गुणायचं. उत्तर येतं 38. म्हणजे फ्लुडाराबिन या केमोच्या औषधाचा पूर्ण डोस बाद. 30 च्या खाली तर ते औषधच वर्ज्य.

मग उरतात दोन वाटा: कायमची बीटीके गोळी किंवा वर्षभराचं व्हेनेटोक्लॅक्स. त्याआधी किडनी का मंदावली, हे बघा. पोटातल्या सुजलेल्या लसिकाग्रंथींच्या गाठी मूत्रवाहिनी दाबत असतील तर सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते. लघवीतून प्रोटीन जात असेल तर बायोप्सी लागू शकते. किडनी ल्युकेमियामुळेच बिघडत असेल तर उपचार लांबवू नयेत.

बीटीके गटातल्या गोळ्या (कर्कपेशींना वाढायचा इशारा देणारं बीटीके हे प्रथिन अडवणाऱ्या) म्हणजे इब्रुटिनिब 420 मिलिग्रॅम दिवसातून एकदा, किंवा अकॅलाब्रुटिनिब 100 मिलिग्रॅम दोनदा. या औषधांचा निचरा मुख्यतः यकृतातून होतो, म्हणून क्लिअरन्स 30 पर्यंत डोस बदलावा लागत नाही. सुरुवातीला पांढऱ्या पेशी वाढतात, त्याने घाबरू नये. खरा त्रास पुढे होतो: रक्तदाब चढतो, हृदयाचे ठोके अनियमित होतात, रक्तस्राव होतो. इब्रुटिनिबमध्ये हे जास्त. चढलेला रक्तदाब उरलेली किडनीही खातो, तेव्हा घरी बीपीचं यंत्र हवंच. अकॅलाब्रुटिनिबच्या कॅप्सूलसोबत ॲसिडिटीचं ओमेप्राझोल घेतलं तर औषध नीट शोषलं जात नाही. आणि गुण येत असेल तोवर ही गोळी थांबत नाही.

व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी ऑबिन्युटुझुमॅब या शिरेतून द्यायच्या औषधाच्या जोडीने दिली तर उपचार 28 दिवसांच्या 12 फेऱ्यांत संपतात. किडनीच्या दृष्टीने जोखीम सगळी पहिल्या आठवड्यांत. कर्कपेशी एकदम मरतात. त्यांतलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात उतरतं आणि मंद किडनीला ते उपसता येत नाही. म्हणून डोस आठवड्याआठवड्याने चढतो: 20, 50, 100, 200, 400 मिलिग्रॅम. दोन-तीन दिवस आधीपासून युरिक ॲसिड कमी करणारं ॲलोप्युरिनॉल, रोज दीड ते दोन लिटर पाणी (हृदय कमजोर असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच). पहिल्या दोन पायऱ्यांना गोळीआधी, 6 ते 8 तासांनी आणि 24 तासांनी रक्त तपासायचं. गाठ 10 सेंटिमीटरची, किंवा लिम्फोसाइट 25 हजारांवर आणि गाठ 5 सेंटिमीटरची असेल तर भरती व्हावं लागतं. क्लिअरन्स 80 च्या खाली असेल तर धोका आणखी वाढतो.

‘भरपूर पाणी प्या’ म्हटलं की आपल्याकडे गोव्यात आडसर (शहाळं) फोडलं जातं. नेमकं तेच नको, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. करमलही (स्टारफ्रूट) बंद: ते व्हेनेटोक्लॅक्सची रक्तातली मात्रा वाढवू शकतं आणि किडनीलाही घातक ठरू शकतं. अंगदुखीला डायक्लोफिनॅक दोन्ही वाटांवर नको.

आमचा कल असा. काणकोण किंवा सत्तरी तालुक्यातून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात ये-जा करणाऱ्या, क्लिअरन्स 30 ते 60 असलेल्या रुग्णाला अकॅलाब्रुटिनिब सोपं पडतं, हृदय ठीक असेल तर. ठोके आधीच अनियमित असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा आयुष्यभराचं औषध परवडणारं नसेल, तर व्हेनेटोक्लॅक्स. फक्त पहिली दोन डोसवाढ होईपर्यंत इस्पितळाजवळ मुक्काम करावा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड असेल तर कुठलं औषध त्यात बसतं, हे सुरू करण्याआधीच विचारा.

पांढऱ्या पेशी लाखांत असताना नमुना तासन्‌तास पडून राहिला किंवा हादरला तर पेशी नळीतच फुटतात आणि पोटॅशियम खोटं चढलेलं दिसतं. अचानक 6.5 आलं तर ईसीजी लगेच काढा, आणि नव्याने रक्त घेऊन ते हातोहात लॅबमध्ये पोचवा.