डिटाव्हॅल: चार मॅन्युअल, एकच मजकूर

आमच्या शेतीपंपाच्या मॅन्युअलच्या माझ्याकडे चार वर्ड फायली होत्या. सिंगल फेज आणि थ्री फेज, दोन्हींच्या शेतकऱ्यासाठी वेगळ्या, मेकॅनिकसाठी वेगळ्या. टोल-फ्री नंबर बदलला की चार ठिकाणी बदलायचा, आणि एक ठिकाण हमखास राहायचं. म्हणून सगळं डिटामध्ये आणलं, म्हणजे मजकूर एकदाच तुकड्यांत लिहून त्यातून वेगवेगळ्या पुस्तिका काढायच्या एक्सएमएल पद्धतीत. पीडीएफ काढायला मी 'डिटा ओपन टूलकिट' हे सॉफ्टवेअर वापरते. ते फुकट आहे, पण कमांड लाइनची भीती असेल तर पहिला आठवडा जड जातो.

कुठल्या पुस्तिकेत कुठला मजकूर जाईल ते ठरवणाऱ्या फिल्टरची रचना सुटसुटीत आहे. परिच्छेदाला 'प्रॉडक्ट' (कुठलं मॉडेल), 'ऑडियन्स' (वाचणारा कोण) असे टॅग, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट लावायचे, त्यात 'थ्रीफेज', 'मेकॅनिक' अशी व्हॅल्यू भरायची, आणि काय ठेवायचं, काय गाळायचं हे डिटाव्हॅल नावाच्या छोट्या फाइलीत लिहायचं. चार पुस्तिका, चार डिटाव्हॅल. डिटा १.३ पासून (२०१५) एकाच मॅपमध्ये (पुस्तिकेत कुठले तुकडे कुठल्या क्रमाने येतील त्या यादीत) दोन्ही मॉडेलच्या आवृत्त्या शेजारी बसवता येतात. डीलरच्या जाड फाइलीसाठी मी तेच करते.

माती खाल्ली ती मीच. सिंगल फेजच्या पुस्तिकेत छापून गेलं: "मोटर उलटी फिरत असल्यास कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करा." आमच्या मेकॅनिकचा फोन आला, "ताई, दुसरी फेज आणू कुठून?" मी एका टॅगमध्ये 'थ्रीफेज'चं 'थ्रीफेस' केलं होतं. ज्या व्हॅल्यूसाठी नियमच नाही, ती डिटाव्हॅल गाळत नाही, आत ठेवतो. टूलकिटने लॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींत, तसं सांगितलंही होतं. लॉग कोण वाचतो!

आता मी आधी व्हॅल्यू न देता अख्खं 'प्रॉडक्ट' गाळायचा नियम लिहिते, मग हवं ते मॉडेल नाव घेऊन आत घेते. स्पेलिंग चुकलं तर परिच्छेद गायब होतो, भलतीकडे उगवत नाही. ही सोय अर्थात दुधारी आहे, म्हणून शॉकच्या धोक्याच्या सूचनांना मी कुठलाच टॅग लावत नाही. त्या चारही पुस्तिकांत जातात, पान वाढलं तरी चालेल.

आणखी एका नियमाने मला दोन दिवस छळलं. एका अ‍ॅट्रिब्यूटमध्ये 'शेतकरी मेकॅनिक' अशा दोन व्हॅल्यू असतील, तर दोन्ही गाळल्या तरच मजकूर गळतो. पण 'प्रॉडक्ट' आणि 'ऑडियन्स' असे दोन अ‍ॅट्रिब्यूट असतील, तर त्यांतलं एक गळलं तरी पुरतं. हे कागदावर चौकट आखून बघा, डोक्यात ठेवू नका.

मराठीत लिहिणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी ठरवावी. वाक्यातल्या एकाच शब्दाला टॅग लावता येतो, आणि मोह होतोच. मी 'पंप' आणि 'मोटर' असे दोन शब्द एका वाक्यात ठेवले. एका पुस्तिकेत "पंप बसवल्यावर तो तपासा" बरोबर आलं, दुसरीत "मोटर बसवल्यावर तो तपासा." लिंग बदललं की सर्वनाम, क्रियापद, विशेषण सगळंच हलतं, आणि 'पंपाला', 'मोटरीला' अशी विभक्ती लागली की शब्दाचं रूपही. हे कुठलाही फिल्टर सांभाळणार नाही. मी आता अख्ख्या वाक्यालाच टॅग लावते, दोनदा लिहावं लागलं तरी.

पाचपैकी चार तारे. एकच मॉडेल असेल तर वर्डमध्येच सुखाने राहा. इंग्रजी पुस्तिका लिहिणारा माझा शेजारी अजून शब्दाशब्दाला टॅग लावतो. त्याचं 'इन्स्टॉल' पंपालाही चालतं आणि मोटरलाही.